दारापाशीचं दुखणं

दवाखान्याला नवा रंग लागला होता, पण औषधांचा वास तोच होता. त्या वासानेच कंपाउंडरबाईंना भरून आलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथे मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काढली होती. आता त्या खुर्चीत बाईंची लेक बसायची, आणि कंपाउंडरबाई सुनेचा खोकला दाखवायला आल्या होत्या. निदान घरी तरी तसंच सांगितलं होतं.

मोठ्या बाई बायकांना पुरत्या ओळखून होत्या. बाई यायची ती मुलाचा ताप, सासूचे गुडघे, नवऱ्याची साखर घेऊन. तिचं स्वतःचं विचारलं, तर "मला काय धाड भरलीय?" ती निघाली की डॉक्टरीणबाई उठायच्या, तिला पोचवायला दारापर्यंत जायच्या आणि कडी काढता काढता उगाच खोळंबायच्या. मग बाहेर पडायचं खरं दुखणं. "तसं विशेष काही नाही हो, पण..." त्या 'पण'मागे कधी छातीतली गाठ असायची, कधी नुसतं रात्र रात्र रडणं.

"बाई, तुमची खुर्ची दारातच टाकू का? हेलपाटा तरी वाचेल," कंपाउंडरबाई चिडवायच्या.

"टाक. मग त्या रस्त्यावर जाऊन सांगतील."

सुनेचं तपासून झालं. कंपाउंडरबाई दारापाशी पोचल्या, पदर सारखा करत रेंगाळल्या. मागून पावलं काही येईनात. लेक मान खाली घालून लिहीत होती. पोरगी हुशार, पण आईचं ते पोचवणं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

पाळी जाऊन वर्षं लोटली होती, आणि कंपाउंडरबाईंच्या अंगावर पुन्हा जायला लागलं होतं. याचा अर्थ काय असू शकतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणूनच तर सुनेचा खोकला पुढे केला होता.

"सूनबाई, तू हो पुढे, बाहेर बस जरा." त्या मागे फिरल्या आणि पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

"मावशी, काही राहिलं का?"

"तुझी आई असती तर दारापर्यंत आली असती, बाळ. मला एवढं परत यावं लागलं नसतं." मग त्यांनी सांगून टाकलं.

लेकीने पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"परवापासून." शेकडो बायकांकडून ऐकलेलं खोटं किती सहज तोंडात आलं. "उन्हाळ्यापासून."

"आता थंडी पडलीय, मावशी."

"कळतं गं मला."

लेकीने तपासायच्या टेबलाकडे हात केला. सवयीने कंपाउंडरबाईच पुढे झाल्या, चादर झटकून नीट अंथरली, मग तिच्यावर कुणाला निजायचंय ते आठवून थबकल्या. चपला काढल्या आणि वर चढल्या.