बाबा, तुम्ही बसा, आम्ही आलोच!

बसा. आधी बसा, मग बोलू. उभ्या उभ्या ऐकण्यासारखी माझी गोष्ट नाही.

मी घडीचं स्टूल बोलतोय. तीन पाय, वर जाड कापडाची बैठक, आणि मिटलो की काखेत मावतो. शाळा मी पाहिली, पण ती माझा एक पाय बाकाची फळी होता तेव्हा. शिकलो काहीच नाही, नुसता मुलांच्या वजनाखाली करकरलो. तेव्हा बोलण्यात इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. म्हाताऱ्याच्या हातून घडलोय, त्यामुळे बोलणंही तसंच सावकाश.

तो म्हातारा म्हणजे सुतारआजोबा. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची दारं-खिडक्या बसवली. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि हत्यारांची पिशवी खिळ्याला टांगली गेली. घरात ते, मुलगा, सूनबाई आणि आठ वर्षांची नात. नात एका जागी ठरत नाही म्हणून आजोबा तिला खारूताई म्हणायचे.

एके संध्याकाळी मुलाने जाहीर केलं, की या सुट्टीत सगळ्यांनी विमानाने जायचं. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या शहरात, पाच दिवस.

"बाबा, पण तिथे फार चालावं लागतं हं. जमेल ना?"

"थकलो की बसेन कुठेतरी."

"तिथे बसायला जागाच नसते म्हणतात. सगळे पळत असतात."

खारूताईने त्यांची बाही ओढली. "आजोबा, तिथे नदीत दुमजली होडी असते. आपण दोघांनी सगळ्यात पुढे बसायचं. कबूल?"

"कबूल."

त्या एका शब्दासाठी माझा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी माळ्यावरून सागाचे तीन उरलेले तुकडे काढले. एक कुणाच्या चौकटीचा, एक स्वयंपाकघरातल्या फळीचा, एक शाळेच्या बाकाचा. म्हणून माझा एक पाय जरा काळपट आहे. बैठक शिवली ती हत्यारांच्या त्याच जुन्या पिशवीची. आठ दिवस रंधा फिरत होता. शेवटचा बोल्ट आवळून त्यांनी मला अंगणातल्या खडबडीत जमिनीवर उभं केलं.

"आजोबा, याला चौथा पाय कुठाय?"

"चार पाय असले की सपाट जमीन लागते बघ. तीन पायांचा गडी कुठेही डुगडुगत नाही."

मी मनातल्या मनात फुगलो.

त्या शहराचं काय सांगू! माणसं जिन्यावर चढत नव्हती, जिनाच माणसांना वर नेत होता, आणि तरी माणसं त्या चालत्या जिन्यावरून धावत होती. रस्ता ओलांडायच्या दिव्याखाली आकडे उलटे पळायचे, वीस, एकोणीस, अठरा, आणि त्यांच्यामागे शेकडो पाय. खाणारे चालता चालता खात होते, रडणारी एक मुलगी चालता चालता रडत होती. आमची हॉटेलातली खोली एवढीशी, की बॅग उघडायची तर आधी कुणीतरी पलंगावर चढून बसायचं.

मुलाने घरूनच एक कागद आणला होता. त्यावर पाच दिवसांचा मिनिटामिनिटाचा हिशेब. तो हातात धरून सकाळी उभा राहिला, की सूनबाई म्हणायची, "उठा, आमचं वेळापत्रक जागं झालं!"

पहिल्या दिवशी उंच मनोऱ्याच्या लांबलचक रांगेत आजोबांनी मला उघडलं आणि ऐटीत बसले. अख्खी रांग वळून बघायला लागली. टायवाला एक गृहस्थ तर माझ्याकडे असा बघत होता, जसा भुकेला दुसऱ्याच्या डब्याकडे बघतो. रांग सरकली की आजोबा उठायचे, दोन पावलं पुढे येऊन पुन्हा बसायचे. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

रांग संपली आणि वर जायला अजून एक जिना निघाला. मुलाने घड्याळ बघितलं.

"बाबा, तुम्ही बसा, आम्ही आलोच! पटकन वर जाऊन येतो. स्टूल आहेच ना."

आजोबा बसले. ते 'पटकन' तास-दीड तासाचं निघालं.

दुसऱ्या दिवशी माशांच्या मोठ्या काचघरापाशी तेच झालं, आणि दुपारी बागेपाशीही. पुढे पुढे सकाळी "झोप लागली का बाबा?" हे विचारायच्या आधी "स्टूल घेतलंत ना बाबा?" असं विचारलं जायला लागलं. मी आपला भोळा. मला वाटलं, माझा मान वाढला!

तिसऱ्या दिवशी बाजाराच्या गल्ल्या बघायच्या होत्या. हॉटेलच्या कोपऱ्यावर, स्टेशनच्या तोंडाशी, सावली बघून मला मांडलं गेलं. तिथे एक किल्लीवाली बाई होती. वीतभर रुंदीचं टेबल, त्यावर किल्ल्या कापायचं यंत्र, अंगात पायघोळ अॅप्रन. पालथी बादली होती बसायला, पण ती इतकी बुटकी, की बसलं तर हात यंत्राला पोचेना. म्हणून ती सकाळपासून उभीच. यंत्र फिरलं की टेबल डुगडुगायचं आणि ती मांडीने ते दाबून धरायची.

आजोबांनी ते पाच मिनिटं बघितलं. सहाव्या मिनिटाला त्यांच्यातल्या सुताराला राहवेना. ते उठले, खोक्याची एक लाकडी ढलपी शोधली, तिच्याच कानशीने घासली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल गप्प. बाई काहीतरी बोलली. आजोबा म्हणाले, "अहो, एवढंच होतं." कुणाला कुणाचं काही कळलं नाही आणि सगळं कळलं. मग आजोबांनी खुणेने तिला माझ्यावर बसवलं. ती टेकली आणि तिच्या तोंडून जो 'हुश्श' बाहेर पडला ना, तो मात्र अगदी आपल्याच भाषेतला होता.

चौथ्या संध्याकाळी सगळे खोलीत पाय चोळत बसले होते. खारूताई फोनवरचे फोटो बघत होती. बघता बघता थांबली.

"आजोबा, तुम्ही कुठेच नाही!"

"असं कसं? नीट बघ."

"बघितलं. मनोऱ्यात नाही, माशांत नाही..."

"माशांत कसा असेन ग?" आजोबा हसले. एकटेच.

सूनबाई हळूच म्हणाली, "उद्या होडी आहे. बाबांना नेऊ या ना."

"अगं, धक्क्यावर उतरायला बासष्ट पायऱ्या आहेत. कागदात होडीला चाळीसच मिनिटं धरलीत. बाबांनाही बसलेलंच बरं पडतं. स्टूल आहे म्हणून किती सोय झाली बघ!"

खरं सांगतो, माझा बोल्ट आतून सैल झाल्यासारखं वाटलं. त्यांना सगळ्यांबरोबर जाता यावं म्हणून मी जन्मलो, आणि त्यांना मागे ठेवायला मीच कामी येत होतो. मी नसतो, तर त्या चार दिवसांत कुणीतरी त्यांचा हात धरला असता. माझ्या काळपट पायावरून आजोबांचा अंगठा फिरत राहिला. सुताराला लाकडाच्या मनातलं कळतं, एवढंच म्हणेन.

शेवटच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी आवरून खाली आले. किल्लीवाली नुकतीच टेबल मांडत होती. त्यांनी मला तिच्यापुढे उघडलं, आपल्या छातीवर हात ठेवला, मग माझ्यावर, मग तिच्याकडे दाखवलं. ती मान हलवत मागे सरली. आजोबांनी पुन्हा तसंच केलं. मग तिचाच पाना मागून माझा नट आवळला आणि आपल्या भाषेत म्हणाले, "पावसात ठेवू नका. बाकी हट्टी नाहीये तो."

ती माझ्यावर बसली. तिच्या अॅप्रनखाली मी झाकून गेलो.

तेवढ्यात बाकीचे खाली आले.

"चला. बाबा, स्टूल कुठाय?"

"राहिलं."

"राहिलं म्हणजे? वर राहिलं? आणतो मी."

"वर नाही रे. राहिलं कुठेतरी."

"बाबा! आता तुम्ही बसणार कशावर?"

"होडीत बाकं असतील की."

अॅप्रनखालून माझ्या काळपट पायाचं टोक दिसत होतं. खारूताईची नजर नेमकी तिथे गेली. तिने आजोबांकडे बघितलं. मग खालचा ओठ दाताखाली धरून म्हणाली, "म्हणजे आजोबांना आता आपल्याबरोबरच यावं लागणार!"

"अगं, बासष्ट पायऱ्या..."

"पाच-पाच करून उतरू," आजोबा म्हणाले. "बारा-तेरा वेळा दम खाल्ला की संपल्या."

सूनबाईने नवऱ्याच्या हातातला कागद काढून घेतला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला. "आज वेळापत्रकाला सुट्टी."

मग मुलाने कोपर पुढे केलं आणि आजोबांनी ते धरलं. दिवा हिरवा झाला, आकडे पळायला लागले. ती चौघं निम्म्यापर्यंत पोचायची नाहीत हे दिसत होतं, म्हणून तो हिरवा त्यांनी जाऊ दिला. पुढचाही जाऊ दिला. पाच दिवसांत तो मुलगा पहिल्यांदाच स्वस्थ उभा असलेला मी पाहिला. तिसऱ्या हिरव्याला ते गर्दीत दिसेनासे झाले.

तो दिवस मी कसा काढला, मलाच ठाऊक.

ऊन उतरलं तेव्हा खारूताई धावत आली आणि किल्लीवालीच्या नाकासमोर फोन धरला. मग जरा खाली झुकवला. मला वाटतं, मलाच दाखवत होती. होडीच्या अगदी पुढच्या बाकावर आजोबा, केस वाऱ्याने उभे. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला मुलगा, चप्पल काढून मांडी ठोकून बसलेला, लहान पोरासारखा.

मागून बाकीचे सावकाश आले. मुलाची नजर माझ्यावर पडली. त्याने मला ओळखलं. बाई गडबडून उठायला लागली, मला मिटून परत द्यायला. त्याने बापाकडे बघितलं. बाप आकाशाकडे बघत होता.

मुलगा बाईला म्हणाला, "बसा, तुम्ही बसा." आणि स्वतः शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला, आपल्याजवळची जागा हाताने झाडत म्हणाला, "या बाबा. दमलो मी पण."

चौघंही तिथे बसली. एवढी गर्दी, पण त्यांना वळसा घालून जात होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी बैठक दोनदा बदलली, पाय मात्र तेच आहेत. किल्लीवालीचे केस पिकले, पण ती दिवसभर उभी नसते. सुतारआजोबा असतील-नसतील, मला कळायला मार्ग नाही. नट सैल झाला की ती आवळते, तेव्हा मला त्यांचा अंगठा आठवतो.

मागणं एकच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही बसा" जरूर म्हणा. म्हणा, आणि त्यांच्याशेजारी घडीभर तुम्हीही टेका. पायरी असली तरी चालते.

बरं, उठा आता. तुम्हाला कुठेतरी जायचं असेल, आणि या किल्लीवाल्या बाईंचे पाय उभं राहून भरून आलेत.