चुन्याची निवळी

सांगलीजवळच्या त्या मळ्यात दर गुरुवारी सकाळी सातपासून रांग लागायची. बहुतेक पुरुष तोंडाला रुमाल बांधून आलेले. मंडपात चौरंगावर हळदमहाराज. त्यांचा शिष्य येणाऱ्याच्या तळहाताला ओली हळद फासायचा आणि महाराज तांब्यातलं तीर्थ शिंपडायचे. रक्त शुद्ध असेल तर हळद पिवळीच राहायची. ‘बाहेरचा रोग’ असेल तर तळहात बघता बघता लाल. मग महाराज डोळे मिटून पुटपुटत त्यावर लिंबू पिळायचे, की हात पुन्हा पिवळा. रोग लिंबात उतरला. “डॉक्टर सुई टोचून रक्ताला विचारतो,” महाराज सांगायचे, “आमच्याशी रक्त आपणहून बोलतं.”

त्या रांगेत मीही होतो. मी सुमंत, हायस्कूलला विज्ञान शिकवतो.

सहा आठवड्यांपूर्वी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो असताना एका अनोळखी बाईशी माझा संबंध आला. निरोध वापरला नाही. परत आल्यापासून बायकोच्या, चारुशीलाच्या, नजरेला नजर देता येत नव्हती. पाठदुखीचं निमित्त काढून मी बाहेरच्या खोलीत झोपायचो. ती रोज तेल गरम करून पाठ चोळून द्यायची, आणि मी उशीत तोंड खुपसून पडून राहायचो. मिरजेच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो आणि परतलो. तिथं एखाद्या मुलाचे पालक भेटले तर?

माझा तळहात लाल झाला. “परक्या उंबऱ्याला पाय लागलाय,” महाराज म्हणाले. यांना कळलं, असंच वाटलं मला. मग लिंबू पिळलं, हात पिवळा झाला, आणि डोकं ताळ्यावर आलं. हाच प्रयोग मी दरवर्षी आठवीच्या वर्गात करतो. चुन्याची निवळी दिसते पाण्यासारखी, पण ती आम्लारी असते. तिनं हळद लाल होते. लिंबू म्हणजे आम्ल. त्यानं ती परत पिवळी होते. महाराजांशेजारी दोन तांबे होते. घाबरलेल्याला डावीकडचा, निवळीचा.

माझ्यामागे लालासाहेब होते, माझ्या वर्गातल्या श्रद्धाचे वडील. एचआयव्ही आहे आणि दोन वर्षं औषध चालू आहे, असं त्यांनी महाराजांना सांगितलं. त्यांचाही हात लाल होऊन पिवळा झाला. “गोळ्या आजपासून बंद,” महाराज म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोललो नाही. बोललो असतो तर मी तिथं का आलो, हेही सांगावं लागलं असतं.

बाहेर त्यांनी मला ओळखलं. “सर, तुमी बी?” मग हळूच म्हणाले, “सूतगिरणीत मुकादमाला गोळ्या घावल्या. म्हनला, रोग गेल्याचा कागूद आन, न्हाईतर येऊ नगस. म्हाराज देत्यात कागूद.”

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. रविवारी त्यांच्या घरी गेलो. हळद, पानाचा चुना आणि लिंबू मागितलं आणि त्यांच्यासमोर माझाच हात लाल केला, पिवळा केला.

त्यांनी माझा हात धरून उजेडाकडे वळवला. “म्हंजे माजा रोग हाय तसाच हाय?”

“आहे. पण गोळ्यांनी ताब्यात राहतो.”

“तुमाला हे कवा कळलं?”

“गुरुवारीच.”

“मग तवाच का न्हाई बोलला?”

“लाज वाटली.”

“लाज तुमची,” ते म्हणाले, “आन गोळ्या माज्या चुकल्या.”

सोमवारी आम्ही दोघं मिरजेला गेलो. समुपदेशक मयूरीताईंनी आधी लालासाहेबांना डॉक्टरांकडे नेऊन गोळ्या पुन्हा सुरू करवल्या. मग माझं ऐकलं. कपाळाला आठी पडली नाही. “तीन दिवसांच्या आत आला असता, तर संसर्ग टाळायचं औषध देता आलं असतं. आता तपासणी. ती फुकट आहे आणि निकाल गुप्त राहतो.” निकाल निगेटिव्ह आला. “पण संबंधाला तीन महिने झाले की पुन्हा तपासायचं. तोवर निरोध.”

लालासाहेबांना त्या म्हणाल्या, “केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. नोकरीसाठी तपासणीची सक्ती करता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय हे कुणाला सांगताही येत नाही. दोन हजार सतराचा कायदा आहे. अर्ज लिहू या.”

त्या अर्जावर गिरणीच्या व्यवस्थापकानं त्यांना आठवड्यात परत बोलावलं.

त्या सोमवारीच संध्याकाळी मी चारुशीलाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. “तपासणीला मीही येते,” एवढंच म्हणाली, आणि पुढं कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. ते मला सोसायलाच हवं होतं.

पुढच्या गुरुवारी मी आणि लालासाहेब मळ्यात गेलो, तोंडाला रुमाल न बांधता. “मीही या रांगेत होतो,” मी म्हणालो आणि कारणही सांगितलं. मग महाराजांना विनंती केली, डावीकडचं तीर्थ आपल्या हळदीच्या हातावर घ्यावं. महाराजांना एकाएकी ध्यान लागलं. लालासाहेबांनी तांब्या उचलून शिष्याच्या हळदीनं भरलेल्या हातांवर ओतला. दोन्ही हात लाल.

“आता ह्याला बी रोग हाय व्हय?” त्यांनी विचारलं.

काही लोक हसले. काही गुपचूप निघून गेले. काही तरीही रांगेत उभे राहिले.

माझी तीन महिन्यांची तपासणीही निगेटिव्ह आली, चारुशीलाचीही. पण त्यात माझं शहाणपण काही नाही. विज्ञान मला येत होतं, तरी मी हात पुढं केला, कारण मला खरं कळायला नको होतं, फक्त सुटका हवी होती. महाराजांचा धंदा चालतो तो यावरच. चूक झाली असेल तर तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जा. उशीर झाला असेल तरी जा. एचआयव्ही निघाला तर गोळ्या घ्या आणि कुणाच्याही सांगण्यावरून त्या सोडू नका. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्यानं माझ्यासारखं गप्प राहू नये.