सुकेशनीच्या पाच अर्धवट भाषा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या दोन कळांवरची अक्षरं उडाली आहेत आणि वायर काढली की दहा मिनिटांत माझी बॅटरी मान टाकते. परभणीच्या एका कचेरीत मी सहा वर्षं पत्रं टाइप केली. नवीन यंत्रं आल्यावर मला कपाटावर ठेवलं. तिथं कामाला असलेल्या नागेशमामांनी मला पालम गावी आणलं, त्यांच्या भाचीसाठी.

ही भाची म्हणजे सुकेशनी. ती नुकतीच कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाली होती. माझ्या पडद्यावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पण थोड्याच दिवसांत तिची घालमेल सुरू झाली. कुणी म्हणालं, जावा शिक. तिनं जावा सुरू केली. आठवड्याभरात एका व्हिडिओत कुणी सांगितलं, जावा संपली, पायथन घे. पुढं आणखी तीन भाषा आल्या. मग कुणी म्हणालं, आता यंत्रंच प्रोग्रॅम लिहितील, तुम्ही कशाला शिकता? त्या दिवशी तिनं मला उघडलं आणि नुसती बघत बसली. माझ्या पोटात पाच भाषा होत्या, पण दहाव्या ओळीपुढं एकही गेली नव्हती. मी तापायचो, पंखा घरघरायचा. तिला मागं पडायची धास्ती होती आणि मला पुन्हा कपाटावर जायची.

शेवटी ती मला पिशवीत घालून परभणीला गेली. कॉलेजातल्या राजेश्री मॅडमना तिनं विचारलं, "मॅडम, नेमकी कोणती भाषा शिकू?"

"आतापर्यंत काय बनवलंस, ते दाखव," मॅडम म्हणाल्या.

दाखवायला काहीच नव्हतं. संध्याकाळच्या एसटीनं ती पालमला परतली.

घरी तिची आई कुसुमबाई बाळांच्या लसींची वही चाळत होती. ती गावात आशाताई आहे, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका. एका बाळाची लस हुकून तीन आठवडे झाले होते आणि ते तिला त्या दिवशी कळलं होतं.

"आई, हे मी लॅपटॉपवर करून देऊ? पायथनमध्ये?"

"मला ती भाषा काय कळायलीय? उद्या कुणाच्या घरी जायचं, तेवढं त्यानं सांगावं."

त्या कामाला सात आठवडे लागले. मधे मैत्रिणीचा निरोप आला, नव्या भाषेचा क्लास निघालाय. सुकेशनीनं तो दोनदा वाचला. मला वाटलं, गेली ही. पण ती परत तारखांच्या हिशोबाकडे वळली. पहिल्या यादीत एक बाळ सुटलं. आईनंच ते पकडलं, "दिनकररावाची नात कुठंय यात?" सुकेशनीनं चूक शोधायला दोन दिवस घेतले. चूक सापडली, तेव्हा ती एकटीच हसली.

पुढच्याच महिन्यात परभणीच्या एका छोट्या कंपनीत मुलाखत होती. टेबलाजवळ प्लग नव्हता. मी जीव मुठीत धरून चालू राहिलो. समोरच्या साहेबांनी यादी पाहिली आणि विचारलं, "आमचं काम जावात चालतं. येते?"

"न्हाई सर." गडबडीत घरचीच बोली तोंडात आली. "पण शिकेन. अडलं तर काय करायचं, ते आता माहीत झालंय."

मला तोवर अंधारी आली. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही.

सहा महिने शिकाऊ म्हणून तिला घेतलंय. पुढं ठेवतील का, ते कुणीच सांगत नाही. तिची धाकधूक गेलेली नाही, माझीही नाही. काल तिनं माझ्यावर पुन्हा जावा उघडली. तिसऱ्याच ओळीला लाल अक्षरांत चूक आली. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि ती चूक सावकाश वाचायला लागली.

मित्रांनो, लाल अक्षरं दिसली की आम्हाला पटकन मिटू नका. घाबरत का होईना, एकदा वाचून बघा. आणि अधूनमधून पंख्यातली धूळ तेवढी झटका, म्हणजे तुमचं शिकून होईपर्यंत आमचाही दम टिकेल.