लीवाचे माप

"श्वास सोड, गास्तों," मी म्हणाले.

"सोडलाय की."

"खोटं बोलू नकोस. टोमॅटो झालाय तुझा."

रांगेतले लोक खिदळले. गास्तों आमच्या गावचा बेकरीवाला आणि सायकल क्लबातला सगळ्यात जुना गडी. त्याच्या पोटावर नव्या जर्सीची झिप अर्ध्यात अडली होती.

"एल लिही," तो म्हणाला. "बावीस वर्षं एलच घालतोय मी."

मी सगळ्यांसमोर एल लिहिले. दर नोव्हेंबरात आमच्या दुकानात क्लबाच्या कपड्यांची मापे घेतली जातात. माल इटलीहून येतो, तिथले एल म्हणजे आमच्याकडच्या शाळकरी पोराचे. म्हणून मी खरी मागणी दोन मापे मोठी पाठवते आणि कपडे आले की आतले लेबल उसवून तिथे एलचे शिवते. झाकली मूठ सव्वा लाखाची. क्लबातल्या निम्म्या पुरुषांची अब्रू माझ्या सुईवर टिकून आहे.

गास्तों खूश होऊन गेला आणि शाळेत शिकवणारी मारायका पुढे आली.

"आम्ही बायकांनी वेगळा गट काढलाय, लीवा. दर मंगळवारी सकाळी आठला निघायचं, शेल्ड नदीच्या काठाने. मंगळवारी दुकान बंद असतं ना तुझं? ये की."

"मी?"

"का, तुला पाय नाहीत?"

मी हसण्यावारी नेले, पण ते डोक्यातून जाईना. लग्नाआधी मी बापाच्या शेतावरून शिवणाच्या कारखान्यात रोज सायकलने जायची, जाऊन येऊन चोवीस किलोमीटर. मग विल्फ्रीडशी लग्न केले, सायकलच्या कपड्यांच्या दुकानात आले आणि सायकल सुटली. खाली दुकान, वर घर. जायचे कुठे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकतीस वर्षे झाली.

त्या संध्याकाळी मी पडदा ओढून पहिल्यांदा स्वतःचे माप घेतले आणि यादीत शेवटी माझे नाव लिहिले.

चारही ऋतूंचे कपडे मी निवडले, आणि गिऱ्हाइकाला सांगते त्याहून जास्त काटेकोरपणे. जर्सीचे कापड मुठीत चुरगळून पाहिले, सोडल्यावर पुन्हा सरळ होते का. चड्डीची शिवण मांडीच्या आत येणार नाही अशी. एप्रिलसाठी काढता-घालता येणाऱ्या बाह्या, कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे एका तासात ऊनही पडते आणि गाराही. थंडीसाठी पातळ लोकरीचे बनियन, वर वारा अडवणारे जाकीट. पावसाळी कोट मात्र तीन वेळा बदलला. पाठीकडून लांब हवा, मनगटाशी घट्ट, आणि शिवणी आतून चिकटपट्टीने बंद केलेल्या. शिवण उघडी असेल तर कितीही भारी कोट असो, पाणी आत येणारच. इतका आनंद मला लग्नाच्या झग्यानेही दिला नव्हता, हे खरे सांगते.

फेब्रुवारीत खोकी आली. विल्फ्रीडने माझा गठ्ठा वर काढला.

"हे बायकी माप कुणाचं?"

"माझं. मंगळवारी जाणारे मी, मारायकाबरोबर."

तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही, तीच तर पंचाईत आहे. "जा की," म्हणाला. "पण मंगळवारी आईची आंघोळ असते."

"तू घाल."

"मी? अगं, ती मला दारात तरी उभं करेल का?"

हेही खरे होते. वर आमच्याबरोबर राहणाऱ्या सासूबाईंना आठवड्यातून एकदा मीच आंघोळ घालते. पोटच्या मुलासमोर उघडे होण्यापेक्षा सासूबाई मेल्या असत्या. सरकारी नर्स आली तिला त्यांनी साबणाची वडी फेकून मारली. आंघोळीचा वार बदलून पाहिला तर दिवसभर जेवल्या नाहीत.

तरी पहिल्या मंगळवारी मी साडेसातला तयार होऊन बसले. बाहेर पाऊस, म्हणून कोटही चढवला. आरशात पाहिले. अंगावर कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. माप अगदी बरोबर होते.

आठला दहा कमी असताना वरून जमिनीवर काठी आपटली.

"लीवा! पाणी गार होतंय!"

मी विल्फ्रीडकडे पाहिले. तो चहाच्या कपात पाहत होता. रस्त्यावर मारायकाने दोनदा घंटी वाजवली. मी खिडकीतून हात हलवला, तुम्ही व्हा पुढे. आठ जणी कोपऱ्यावरून वळल्या. मला रडू आले, आणि रडायलाही वेळ नव्हता.

कपडे बदलत बसले नाही. तशीच वर गेले, सासूबाईंना टबात बसवले, फवारा सुरू केला. त्या लहान मुलासारख्या पाणी उडवतात.

"हे काय घातलंयस, पोरी?"

"रेनकोट."

"बरं केलंस. दर वेळी भिजतेस बिचारी." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझेच हात ऊन असतात गं. बाकीच्यांचे मेल्यांचे बर्फ."

मी त्यांची पाठ चोळली. कोटाच्या आत एक थेंब गेला नाही.

एप्रिल सरता सरता एक तरुण बाई दुकानात आली. गेंट शहरात नवी नोकरी, बारा महिने सायकलने जाणार होती. तिने तोच कोट हातात घेऊन उलटसुलट केला.

"खरंच पाणी येत नाही आत? सगळे दुकानदार असंच सांगतात."

"मी स्वतः वापरते," मी म्हणाले. "दर मंगळवारी."

"अय्या, हो? लांब जाता?"

"लांब नाही," मी म्हणाले. "पण एकही मंगळवार चुकत नाही."

तिने तो घेतला. तिला एम लागला, आणि लेबलावरही एमच होते.