चार इंच दोन सूत

सलूनवाला दारात आला तेव्हा मुलीला वाटलं, भेटायला आला असेल. वडिलांना जाऊन दहा दिवस होत आले होते, लोक अजून येत होते. पण त्याने काखेतली एक लाकडी पाचर काढून भिंतीला टेकवली. हातभर लांब, त्याहून रुंद, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ होत गेलेली.

"काकांची आहे. आमच्या दाराला लावलेली. तुमची वस्तू तुमच्या घरी असलेली बरी."

"दाराला कशाला?"

"मग काका आत यायचे कसे? उडत?" म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. वडील सुतार. अकरा वर्षांपूर्वी परांचीवरून पडले, मणका मोडला आणि कमरेखालचं शरीर गेलं. पहिल्याच वर्षी तिने त्यांना हौसेने लायब्ररीत नेलं होतं. दारातल्या एका पायरीसाठी दोघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीसकट कपाटासारखं उचललं. परतताना ते एवढंच म्हणाले होते, "आता बास." सहा वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. दर रविवारी फोन करायची. "घरीच ना?" "नाहीतर कुठे?" हे ठरलेलंच. त्या उत्तरात नीट होकार कधीच नव्हता, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

संध्याकाळपर्यंत औषधवाला येऊन गेला, पोस्टातला कारकून, चष्मेवाला, शेवटी लायब्ररीतल्या बाई. प्रत्येकाच्या हातात एक पाचर आणि तोंडात तेच वाक्य. पाचही पाचरी तिने ओळीने लावल्या आणि उलटून पाहिल्या. खाली सुतारी पेन्सिलीने नुसती मापं होती. दोन इंच एक सूत. तीन इंच सहा सूत. नाव कुणाचंच नाही. तिचं डोकं चालेना. कधीच बाहेर न पडणाऱ्या माणसाची पाच दुकानांशी इतकी सलगी?

दुसऱ्या दिवशी दुपारी शिलाईवाल्या बाई आल्या, चाकाच्या खुर्चीतून, स्वतःच चाकं ढकलत. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या हॉलमध्ये त्यांची काकांशी ओळख झालेली.

"काका गेले ते गेले, जाताना रस्ताही गुंडाळून नेला का?" त्या दम खात म्हणाल्या. "काल लायब्ररीच्या दारात पाव तास बसून होते. चार वाजता माझा शिवणाचा वर्ग असतो तिथे. आज बारा जणी येणार आहेत."

"बाबा यायचे तिथे?"

"दर गुरुवारी. लायब्ररीची एकही खुर्ची डुगडुगत नाही, ती कुणामुळे? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मुलीने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, तिचं तिलाच कळलं नाही.

"त्यातली लायब्ररीची कोणती?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? मी वरून जाते. खालून कधी बघितलीय?"

मुलीने वडिलांची घडीची पट्टी शोधली. ती शोधताना पलंगाखाली आणखी एक पाचर सापडली, कोरी, न वापरलेली. खाली लिहिलेलं, पाच इंच तीन सूत. सहाही पाचरी वडिलांच्या खुर्चीवर रचून ती निघाली. बाई पुढे.

इंचात आठ सूत, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. सलूनचा उंबरा दोन इंच एक सूत भरला. पाचर सरकवली, ती जणू तिथेच उगवल्यासारखी बसली. सलूनवाला ओशाळून म्हणाला, "मला वाटलं, गेलेल्या माणसाची वस्तू ठेवून घेणं बरं दिसत नाही."

औषधवाला, पोस्ट, चष्मेवाला. चारला दहा मिनिटं असताना लायब्ररी. चार इंच दोन सूत. बाईंनी मागे जाऊन एक जोर लावला आणि वर गेल्या, मागे न बघता.

खुर्चीवर एक पाचर उरली.

"ही कुठल्या दाराची?" तिने मागून विचारलं.

बाई दारात वळल्या. "ती होय? तिच्यावर फार जीव होता त्यांचा. दोनदा पॉलिश केली. दार कुठलं ते काही बोलले नाहीत."

तिला एक रविवार आठवला. "तुझ्या दाराला पायरी आहे का गं? केवढी?" "असेल अर्धी वीत. का?" "असंच." पण अर्ध्या वितीवरून कुठला सुतार तीन सूत लिहील? तिने तर कधी मोजली नव्हती.

तिने तिकडच्या घरी नवऱ्याला फोन लावला. "आपल्या दाराची पायरी मोजशील? आत्ता."



"पाच इंच तीन सूत," तो म्हणाला. "मोजायला नको. सूत म्हणजे काय, तेही त्यांनीच शिकवलं फोनवर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगू नको म्हणाले. तिने बोलावलं की येईन म्हणाले."

मागची सहा वर्षं ती घाईघाईने चाळून पाहू लागली. या ना बाबा, असं आपण कधी म्हटलं होतं का? म्हटलं असणारच. कधी, ते मात्र आठवेना.

"अहो," मागून कुणीतरी म्हणालं. शिवणाला आलेली एक बाई कापडाचं गाठोडं घेऊन उभी होती. "जरा सरकता का? वर्ग सुरू झाला."

ती वडिलांची खुर्ची पाचरीसकट घेऊन बाजूला झाली.