दोष हाताचा की दांड्याचा?

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. लोखंडी दांडा, त्यावर लाल गोळा, पोटात स्प्रिंग आणि बुडाशी चार बटणे, एवढाच माझा संसार. दांडा पुढे ढकलला की पुढचे बटण दाबले जाते, डावीकडे ढकलला की डावीकडचे. दोन दिशांच्या मधल्या कोपऱ्यात ढकलला तर दोन बटणे एकदम दाबली जातात. हा कोपरा लक्षात असू द्या. पुढचा सगळा घोळ त्या कोपऱ्यातच झाला.

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच कबूल करते. त्याला माझी तरुणपणाची नोकरी कारण आहे. पंधरा वर्षे मी एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये होते. खेळताना हरलेले एकही मूल कधी "माझं चुकलं" असे म्हणाले नाही. "काका, जॉयस्टिक बिघडलीय!" अशी आरोळी यायची. मग मालक यायचा, मला एकदा गरगर फिरवायचा आणि म्हणायचा, "ठणठणीत आहे. तुझाच हात वळत नाही." कधी मूल खरे बोलत असे, कधी मालक. मला कोणी विचारत नव्हते. मला धरून बोललेल्या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही, असे तेव्हापासून मी ठरवून टाकले.

पार्लर बंद पडले आणि मी भंगारवाल्याच्या गोणीत गेले. तिथे वायरींच्या गुंत्यात किती काळ पडून होते ते मला सांगता येणार नाही. माझा लाल गोळा धुळीने पार करडा झाला होता. मला तिथून बाहेर काढले ते मामांनी. मामा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची भाची फिजिओथेरपिस्ट होती. तिच्या दवाखान्यात अर्धांगवायूचे, हाड मोडलेले, हाताची ताकद गेलेले लोक येत. चेंडू दाबून दाबून ते कंटाळून जात. मामांनी मला घासूनपुसून नवी स्प्रिंग घातली, एका लाकडी कपाटात संगणकासमोर बसवले आणि म्हणाले, "घे डॉक्टरीणबाई. आता तुझे पेशंट हसत हसत व्यायाम करतील."

त्या संगणकात एम्युलेटर होता. जुन्या गेम मशीनचे हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. त्यात शे-दीडशे खेळ होते, आणि तिथेच अडचण होती. विमानांच्या, मारामारीच्या खेळांना आठ दिशा लागतात, म्हणजे कोपरे धरून. पण भुलभुलैयाच्या जुन्या खेळांना चारच दिशा कळतात. दांडा कोपऱ्यात शिरला की ते गोंधळतात आणि पडद्यावरचा गडी वळणावर भिंतीला चिकटून उभा राहतो.

मामांनी यावर तोड काढली. माझ्या बुडाखाली त्यांनी एक चकती बसवली आणि ती फिरवायला एक छोटी मोटर. चकती एका बाजूने फिरली की माझे कोपरे बंद होत आणि मी चार दिशांची होई. उलटी फिरली की आठ दिशांची. हे कोणी हाताने करायचे नव्हते. संगणकात एक यादी होती. खेळ निवडला की प्रोग्राम त्याचे नाव यादीत शोधी. नाव सापडले तर मोटरला निरोप जाई, "चार." सापडले नाही तर, "आठ."

खरे सांगते, ती मोटर मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. माझ्या पायाखालची जमीन दुसऱ्या कोणाच्या तरी हुकमाने सरकणार, हे कोणाला आवडेल?

दवाखान्यात रोज सकाळी अकराला एक टेलरबाई येत. वय साठीच्या आतबाहेर. बाजारात त्यांचे स्वतःचे छोटे दुकान होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. पहिल्या दिवशी त्यांना माझा गोळाही धरता आला नाही. डॉक्टरांनी त्यांची बोटे एकेक करून माझ्याभोवती ठेवली. त्या हातावर सुयांचे बारीक घट्टे होते. इतक्या हलक्या हाताने मला आयुष्यात कोणी धरले नव्हते.

टेलरबाई भुलभुलैयाचा खेळ खेळत. पहिल्या आठवड्यात तीन वळणे पार केली, दुसऱ्या आठवड्यात सात. चौथ्या महिन्यात चाळीसच्या वर गेल्या. डॉक्टर रोजचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर लिहीत आणि टेलरबाई जाताना त्याकडे असे पाहत, जणू स्वतः शिवलेला झगा टांगलाय.

आणि एका सोमवारी आकडा अकरावर आला.

मंगळवारी नऊ. बुधवारी पुन्हा नऊ.

"काकू, झोप नीट होतेय ना?" डॉक्टरांनी विचारले.

"होतेय की. पण हा गडी वळतच नाही हो. मी वळवतेय, तो नुसता उभा."

डॉक्टरांनी स्वतः खेळून पाहिले. सत्तर वळणे सहज पार केली. मला त्यांनी निर्दोष ठरवले. टेलरबाईंच्या हाताकडे मात्र त्यांनी दोनदा पाहिले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मला पायाखाली काहीतरी सैल वाटत होते. मोटरच कामचुकारपणा करतेय, अशी माझी खात्री पटली. पण माझ्याकडे तोंड कुठे होते?

तीन आठवडे असेच गेले. तक्त्यावरचा आकडा खाली खाली येत राहिला. मग एके दिवशी टेलरबाईंबरोबर त्यांचा मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्याने आईचे दुकान एका चष्मेवाल्याला द्यायचे ठरवत आणले होते. चष्मेवाला येऊन मापेही घेऊन गेला होता. डॉक्टरांचे मत कळले की एक तारखेला किल्ली द्यायची, एवढेच राहिले होते.

"स्पष्ट सांगा डॉक्टर," तो म्हणाला. "हात सुधारणार आहे की नाही? ती म्हणते मशीनचा दोष आहे. गेल्या महिन्यात चष्म्याचा दोष होता, त्याआधी खुर्चीचा."

डॉक्टर तक्त्याकडे पाहत म्हणाल्या, "मला पुन्हा एकदा मेंदूचा फोटो काढावासा वाटतोय. ही घसरण मला बरी दिसत नाही."

टेलरबाईंचा चेहरा पडला. मग त्या हळूच मुलाकडे वळल्या. "गेल्या महिन्यात तू इथे एकटा बसला होतास ना? डॉक्टर फोनवर होत्या तेव्हा?"

"मग?"

"या यंत्राला तू काही केलंस का रे?"

मुलगा आईकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले. "आई, तू मला असं विचारतेस?"

"तू माझ्या दुकानाची मापं घेऊ देतोस, मग मी का विचारू नये?"

मित्रांनो, मी पार्लरमध्ये पुष्कळ भांडणे पाहिली. पण असे हळू आवाजातले भांडण पाहिले नव्हते. आई मुलावर संशय घेत होती, मुलगा आईच्या बोलण्यावर, डॉक्टर तिच्या मेंदूवर आणि मी मोटरवर. त्या खोलीत एकाचाही कोणावर भरवसा उरला नव्हता.

टेलरबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी डोळे मिटले. खेळ चालू असताना पडद्याकडे न पाहता त्यांनी मला सावकाश गोल फिरवले, जसे कापडाचा पोत बघायला दोन बोटांत धरून फिरवतात तसे. पुन्हा फिरवले.

"हा दांडा उरेब जातोय," त्या म्हणाल्या.

"काय जातोय?"

"उरेब. तिरका. कापड सरळ धाग्यात धरलं की ताणत नाही, तिरकं धरलं की ताणतं. हा आधी सरळ धाग्यात होता, कोपऱ्यात अडायचा. आता कोपऱ्यात शिरतोय. माझा हात जरा तिरका जातो, ते मला माहीत आहे. पण आधी हा माझा हात सरळ करून घ्यायचा. आता करत नाही."

"आई, पुरे कर आता," मुलगा म्हणाला.

पण डॉक्टर उठल्या. त्यांनी मला कोपऱ्यात ढकलले. मी शिरले. त्यांनी भुवया आवळल्या आणि फोन लावला. "मामा, भुलभुलैयाच्या खेळात दांडा कोपऱ्यात जायला हवा का?"

मामा तीन आठवडे परगावी मुलीकडे होते, आदल्याच दिवशी परतले होते. अर्ध्या तासात ते हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांकडे पोलिसासारखे पाहिले. "कोणी उघडलं होतं हे?"

सगळ्यांनीच नाही म्हटले. मामांचा विश्वास बसला नाही. त्यांनी कपाटाची फळी काढली, टॉर्च मारला, मोटरला थेट वीज दिली. खट् आवाज करून चकती झटक्यात फिरली. पुन्हा दिली, पुन्हा फिरली. मोटर निर्दोष होती. इतके दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"मोटर चांगली आहे, चकती चांगली आहे," मामा पुटपुटले. "म्हणजे हिला निरोपच मिळत नाही." मग ते संगणकाशी बसले. यादी उघडली. बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"तू खेळ बदललास का गं?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे, खेळ तोच आहे. आधीच्यात आकडे फार बारीक होते, आजी-आजोबांना दिसत नव्हते. म्हणून मोठ्या आकड्यांचा टाकला. एका रविवारी."

"खेळ तोच. पण फाइलच्या नावात शेवटी एक अक्षर जास्त आहे बघ. यादीत जुनं नाव आहे. प्रोग्रामने नवं नाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून आठ दिशा ठेवल्या. तो बिचारा सांगितलेलंच करत होता."

"पण मी खेळले तेव्हा सत्तर वळणं झाली!"

"तुझा हात धडधाकट आहे. तो सरळच जातो. ज्याचा हात तिरका जातो, त्यालाच ही चकती लागते."

डॉक्टर खाली बसल्या.

मामांनी यादीत नवे नाव लिहिले, खेळ पुन्हा सुरू केला. खट्. माझे कोपरे बंद झाले. टेलरबाईंनी मला धरले. दहा वळणे, वीस, तीस. सदतिसाव्या वळणाला त्यांचा गडी अडकला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "हा मात्र माझा दोष."

मुलगा खिडकीशी उभा होता. हातातली फाइल मिटत तो म्हणाला, "चष्मेवाल्याला मी 'नाही' म्हणून कळवतो." टेलरबाईंनी मान हलवली. "मीही तुला नको ते बोलले," त्या म्हणाल्या. तो आईची पर्स उचलून दाराशी थांबला. दोघांची बोलणी लगेच गोड झाली नाहीत. जाताना दोघे एकमेकांपासून हातभर अंतर राखूनच चालत होते. पण तो तिच्यासाठी दार धरून उभा राहिला होता.

त्या दुपारी डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या सगळ्या फाइली काढल्या. त्या दिवसांत भुलभुलैया खेळलेले आणखी दहा जण निघाले. त्यांनी एकेकाला फोन केला. प्रत्येकाला तेच सांगितले, "तुमचा हात बिघडला नव्हता. आमचं यंत्र चुकीचं लावलं होतं. चूक माझी." नऊ जण दुसऱ्या दिवसापासून परत येऊ लागले.

दहावे एक पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या बायकोने फोन उचलला. "त्यांनी ब्रश देऊन टाकले हो," ती म्हणाली. "तुमच्या तक्त्यावर तीन आकडा आला, त्याच संध्याकाळी."

डॉक्टर त्यांच्या घरी गेल्या, एकदा नव्हे, तीनदा. चौथ्या आठवड्यात पेंटर आले, पण माझ्यापासून चार पावलांवरच थांबले. "कशावरून?" ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून आता सोपं करून ठेवलं नसेल कशावरून?"

मला त्यांचा अजिबात राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारले असते.

टेलरबाई शेजारी बसल्या होत्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांवरही नको. कोपऱ्यात ढकलून बघा. आधीसारखा अडला तर खेळा."

पेंटरांनी मला ढकलले. मी अडले. दुसऱ्या कोपऱ्यात, तिसऱ्या, चौथ्या. मग त्यांनी खुर्ची ओढली. त्या दिवशी त्यांनी एकोणीस वळणे पार केली.

मामांनी आता प्रोग्राम बदलला आहे. यादीत नाव नसले तर खेळ सुरूच होत नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहून येते. पण मामा पडले लिफ्टवाले. लिफ्ट कधी एकाच दोरावर टांगत नाहीत. "पडद्याच्या वर एक पाटीही हवी," ते म्हणाले आणि त्यांनी नवा ब्रश आणि काळा रंग पेंटरांच्या हातात ठेवला. पेंटरांना ती पाटी रंगवायला दोन दिवस लागले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाचा तरी हात थरथरत असेल, कोणाला नीट दिसत नसेल, कोणाची पावले अडखळत असतील. ती माणसे म्हणाली की वस्तूत काहीतरी चुकतेय, तर हसू नका. आपल्या धडधाकट हाताने एकदा फिरवून "ठणठणीत आहे" असेही म्हणू नका. फळी काढा, खाली वाकून बघा. मी जन्माची संशयी, पण संशय घ्यायचा तर आधी वस्तूवर घ्यावा, माणसावर सगळ्यात शेवटी, एवढे मला या वयात कळले आहे.

माझ्या डोक्यावर ती पाटी आज तीन वर्षे आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'आधी कोपरा तपासा'. त्यातला 'पा' जरा कललेला आहे. पेंटरांनी तो पुसून पुन्हा काढू का म्हणून विचारले होते. डॉक्टर म्हणाल्या, "राहू दे."