पेंटरच्या गच्चीवरची छत्री

पेंटरला गंजलेलं काही बघवत नसे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी खिडकीच्या गजावरून अंगठा फिरवायचा आणि यजमानाला त्याच्याच घराची लाज वाटायला लावायचा. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीची छत्री घरात आली आणि तिच्या काठावर तांबूस डाग दिसले, तेव्हा आता काय होणार हे बायकोला न सांगता कळलं.

छत्री जुनीच होती. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या वहिनींनी ती त्याच्यासाठी राखून ठेवली होती. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे पेंटरच्या मित्राचं. तो गेल्यावर सहा वर्षं वहिनी एकट्या ते चालवत होत्या. "कार्ड नको, महिन्याचं बिल नको," त्या म्हणाल्या होत्या, "फुकटचे जेवढे चॅनेल वरून येतात तेवढे झेलायचे. रविवारी दुपारी येऊन दिशा लावून देते. तोवर तुम्ही हात लावू नका, भावजी."

भावजींनी हात लावला. एक नाही, चांगले दोन हात लावले, तेही चंदेरी रंगाचे. एका फाटकाच्या कामातून अर्धा डबा ॲल्युमिनियम पेंट उरला होता. छत्रीची थाळी, दांडा, नटबोल्ट, सगळं त्याने शनिवारी घासून रंगवून काढलं. दांड्याच्या टोकाला मुठीएवढा तुकडा असतो, एलएनबी म्हणतात त्याला. थाळीवर पडलेला सिग्नल तो पकडतो. त्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण पिवळं पडलं होतं. एवढ्या चकचकीत छत्रीत तो पिवळा ठिपका पेंटरच्या डोळ्यांत खुपायला लागला. कोपरासुद्धा न सोडणारा कारागीर म्हणून त्याचं नाव होतं. त्याने टोपणही रंगवलं.

घाई होती ती बायकोसाठी. आठ वर्षं ती समोरच्या टेलरच्या घरी, दाराच्या चौकटीला टेकून, आपली मालिका बघत होती. अलीकडे टेलरची बायको मालिका सुरू व्हायच्या आधी दार लोटून घ्यायला लागली होती. हे तिने घरी एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता. त्या रात्री पेंटरला जेवण गेलं नव्हतं.

म्हणून रविवारी त्याने दुपारची वाट पाहिली नाही. सकाळीच छत्री गच्चीवर ठोकली, आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या छत्र्या जिकडे तोंड करून होत्या तिकडे तिचं तोंड केलं, वायर खाली सोडली आणि छत्रीबरोबर आलेला बॉक्स नव्या टीव्हीला जोडला. पडद्यावर दोन पट्ट्या आल्या. वरची, सिग्नलच्या जोराची, निम्म्याहून जास्त भरलेली, खालची, क्वालिटीची, कोरडी ठणठणीत.

"आलं का?" तो वरून ओरडायचा.

"नाही!" बायको खिडकीतून ओरडायची.

केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे, जरा वर, जरा खाली. असं तीन तास चाललं. आधी टेलर बघायला आला, मग टेलरची बायको, मग जाणारे येणारे. आधी सल्ले आले, मग हसू. पेंटरचं डोकं उन्हाने तापलं होतं, की चार लोकांच्या नजरांनी, कुणास ठाऊक. ठरल्या वेळी वहिनी हत्यारांची पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या, तेव्हा त्याची जीभ सैल सुटली.

"या! या! मेलेला माल गळ्यात मारलात आमच्या! ओळखीचाच माणूस सापडला का तुम्हाला?"

"बघू तर द्या, भावजी."

"काय बघणार? हे काय बाईमाणसाचं काम आहे? तुमचा नवरा असता तर असा कचरा दुकानातून बाहेर पडला नसता!"

वहिनी शिडी चढून वर आल्या. छत्रीपाशी वाकल्या, टोकावरच्या तुकड्याकडे बघितलं आणि क्षणभर थांबल्या. मग खाली, खिडकीत उभ्या असलेल्या पेंटरच्या बायकोकडे बघितलं. पेंटरला वाटलं, बाई ओशाळली. त्यांनी तुकडा सोडवून पिशवीत टाकला, नवा बसवला, छत्री चार बोटं फिरवली, आणि खालून बायकोची किंकाळीच आली. चित्र आलं होतं.

"तुकडा गेला होता," खाली उतरल्यावर वहिनी सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. "बदलला."

"बघा! कबूल केलं की नाही!" पेंटरने टाळी वाजवली.

पुढचे चार दिवस तो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होता, आणि दर वेळी ती थोडी वाढत होती. टेलरने आईसाठी वहिनींकडे छत्री सांगून ठेवली होती, ती त्याने रद्द केली. त्याचं बघून आणखी दोन घरांनी रद्द केली. पेंटरला हे कळलं तेव्हा बरंच वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पाचव्या दिवशी उरलेली वायर परत द्यायला तो दुकानात गेला. वहिनी आत काही शोधत होत्या. दारातच त्याच्या नाकात वास शिरला. थिनरचा. रेडिओच्या दुकानात थिनर कशाला? टेबलावर एक फडकं होतं, चंदेरी झालेलं. शेजारी तोच तुकडा. टोपणाचा पुढचा भाग खरवडून स्वच्छ केलेला, पण कडेच्या खाचेत रंग अजून होता, आणि त्यात ब्रशचा एक केस अडकलेला. तुकड्यावर चिठ्ठी चिकटवली होती, वहिनींच्या अक्षरात: 'तपासला. चालू.'

पेंटर काही अडाणी नव्हता. त्या रंगात धातूची पूड असते, म्हणूनच तो चमकतो, हे तो गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आला होता. सिग्नल जिथून आत शिरायचा, त्याच दारावर त्याने पत्रा मारावा तसा रंग मारला होता. दोन हात. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणजे काय होतं, ते त्याला त्या टेबलापाशी समजलं.

वहिनी बाहेर आल्या. तो काय बघतोय ते त्यांनी पाहिलं.

"बसा, भावजी."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"वर गेल्या गेल्या."

"मग बोलला का नाहीत? मी एवढा वाट्टेल ते..." नवऱ्यावरून बोललेलं वाक्य त्याच्याच कानांत वाजत होतं.

"ताई खिडकीत उभ्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "टेलरची बायकोही होती. पहिल्यांदा घरात टीव्ही येत होता ताईंच्या. सगळी गल्ली तुम्हाला हसली असती आणि त्यांना तिथे उभं राहून ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, लोक जातील विसरून." त्या वायरचं वेटोळं करायला लागल्या. "पण नाही विसरले."

रद्द झालेल्या तीन छत्र्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पेंटर त्यांच्याकडे न बघता बाहेर पडला.

टेलरच्या दुकानासमोर संध्याकाळी पाच-सहा माणसं असत. पेंटर तिथे जाऊन उभा राहिला. "तुकडा चांगला होता. मीच टोपण रंगवून बंद केला होता. वहिनींचा काही दोष नाही."

टेलरने मशीन थांबवलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मित्राची बायको म्हणून झाकून घेताय, पेंटर. मोठं मन आहे तुमचं."

"अहो, खरंच सांगतोय!"

"आम्ही ऐकलं ना त्या दिवशी, त्याच म्हणाल्या तुकडा गेला होता म्हणून. कोपरा न सोडणारे तुम्ही, तुमच्या हातून अशी चूक? राहू द्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर कौतुकाने चहा मागवला.

पेंटरने तो चहा तसाच ठेवला. शिव्या दिल्या तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला, आता खरं बोलतोय तर मोठेपणा देतात. तो उठला, घरी गेला, माळ्यावरून रंगाचा डबा आणि ब्रश काढला. मालिका नुकतीच सुरू झाली होती.

"टेलर!" गच्चीवरून तो एवढ्या जोरात ओरडला की दुकानासमोरचे सगळे वर बघायला लागले. "घरात जा आमच्या! सगळे जा! टीव्हीसमोर उभे राहा!"

माणसं दारात दाटली. टेलरची बायकोही आली. पेंटरने डब्यात ब्रश बुडवला आणि नव्या तुकड्याच्या पांढऱ्या टोपणावर एक हात मारला. आत चित्राचे चौकोन चौकोन झाले. दुसरा हात मारला. पडदा काळा.

"अहो!" बायको कळवळून ओरडली. "काय केलंत हे!"

"हेच केलं होतं!" वरून पेंटर म्हणाला. "शनिवारी हेच केलं होतं!"

मग गल्ली हसली. पोट धरधरून हसली, टेलरची बायको सगळ्यात मोठ्याने, आणि पेंटरची बायको मधोमध मान खाली घालून उभी राहिली. वहिनींनी जे होऊ दिलं नव्हतं, ते सगळं झालं. पेंटर शिडीवरून उतरला. बायकोकडे बघायचं धाडस झालं नाही. रंगाने भरलेले हात तसेच घेऊन तो कोपऱ्यावरच्या दुकानाकडे चालत गेला, आणि हसणारी माणसं त्याच्या मागे मागे.

"वहिनी," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चूक माझी होती. तुमच्या नवऱ्यावरून बोललो, तेही चुकलो. माफ करा."

वहिनींनी त्याच्या हातांकडे बघितलं, मग लांबवर गच्चीकडे.

"नवासुद्धा रंगवलात?"

पेंटरने होकाराची मान हलवली.

मागचं हसू हळूहळू थांबलं. वहिनींनी टेबलावरचा साफ केलेला तुकडा पिशवीत टाकला आणि दुकानाचं शटर ओढलं. "चला," त्या म्हणाल्या. "पण आधी मी ताईंशी बोलणार आहे. तुम्ही बाहेर उभे राहा."

आपल्याच घराच्या दारात, चौकटीला टेकून, पेंटर बाहेर उभा राहिला.